‘मध्यम’ दोष कोणासाठी मध्यम?

शहापूर तालुक्यातील किन्हवलीच्या शिवारात एका विहिरीत आम्ही पाण्याची पातळी नोंदवणारे छोटे यंत्र बसवले आहे. या भागात पाऊस भरपूर पडतो. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा आणि तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत, आणि तरीही उन्हाळ्यात इथल्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पहिल्या पावसानंतर विहिरीचे पाणी किती वेळात आणि कसे वर येते हे कळले, तर खालच्या खडकाविषयी पुष्कळ काही सांगता येते. पाण्याची ही पहिली चढण वर्षातून एकदाच पाहायला मिळते. एरवी आमचे यंत्र दर सहा तासांनी एक नोंद घेते. पाऊस सुरू झाला की त्याला दर दहा मिनिटांनी नोंद घ्यायला सांगायचे, अशी योजना होती.

यंत्राला तसे सांगण्याची सोय आमच्या संस्थेतील संगणकावर आहे, आणि गावातून त्या संगणकापर्यंत जाण्याचा मार्ग म्हणजे व्हीपीएन. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. एका शिक्षकमित्राच्या पडवीत बसून आम्ही लॅपटॉप उघडला. मोबाइलला रेंज होती, इंटरनेट चालू होते, पण व्हीपीएनचे दार काही उघडेना. शनिवार-रविवार असल्याने संस्थेत फोन उचलायला कोणी नव्हते. सोमवारी दार उघडले तेव्हा ४८ तास गेले होते. त्या वेळात २८८ नोंदी मिळायला हव्या होत्या, मिळाल्या ८.

संस्थेतील जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या सहकाऱ्याने कारण शोधून काढले. दारावरच्या उपकरणावर परक्यांनी चुकीच्या पासवर्डांचा मारा केला होता आणि उपकरण थकून गेले होते. हा दोष उत्पादक कंपनीने सात महिन्यांपूर्वीच जाहीर केला होता, त्यावरील दुरुस्तीही दिली होती. ती बसवली का नव्हती, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘‘तो मध्यम दर्जाचा दोष होता. आधी ‘उच्च’ आणि ‘गंभीर’ दर्जाचे दोष हाती घेतले.’’

हा ‘मध्यम’ शब्द आमच्या डोक्यातून जाईना. म्हणून आम्ही ती जाहीर सूचना आणि तिच्यातील गुणांकन मुळातून वाचले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाची समीक्षा आहे.

दारावरचा कारकून

व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक रस्त्याखालून काढलेला खासगी बोगदा, असे समजायला हरकत नाही. बोगद्याच्या तोंडाशी राउटर किंवा फायरवॉल बसलेला असतो. येणारा माणूस आपलाच आहे याची खात्री करून त्याला आत सोडणे हे त्याचे काम. आता या कामातील अडचण पाहा. दार इंटरनेटवर आहे, म्हणजे ते जगातील कोणीही ठोठावू शकतो. ठोठावणारा खरा की खोटा, हे ठरवण्यासाठी दारावरच्या कारकुनाला आधी वहीत एक पान उघडावे लागते, मोठमोठ्या संख्यांची आकडेमोड करावी लागते, मग पासवर्ड ताडून पाहावा लागतो. ठोठावणाऱ्याला मात्र फुकटात ठोठावता येते. खर्चातील ही विषमता म्हणजेच सगळ्या दुखण्याचे मूळ.

अशा हल्ल्याला ‘सेवा नाकारणे’ असा शब्दशः प्रतिशब्द वापरला जातो. तो फसवा वाटतो, कारण उपकरण काहीच नाकारत नसते. ते नको त्या कामात गुंतून पडलेले असते. वाहतूककोंडीच्या चालीवर आम्ही त्याला ‘सेवाकोंडी’ म्हणू.

सेवाकोंडीचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. पहिल्यात रस्ताच तुंबवला जातो. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील लहान-मध्यम इंटरनेट सेवादारांवर असा हल्ला झाला. त्याचा जोर सेकंदाला २०० गिगाबिट असल्याचे तेव्हा सांगितले गेले, आणि पोलिसांच्या सायबर विभागाने गुन्हा नोंदवला. दुसऱ्या प्रकारात रस्ता मोकळाच असतो, फक्त कारकुनाची वही भरवली जाते. याला प्रचंड जोर लागत नाही; कारकुनाच्या कामाच्या पद्धतीतील एखादी त्रुटी पुरते. व्हीपीएन उपकरणांमधील दोष बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात.

वहीचे पान आणि परतीची चिठ्ठी

हे दुखणे नवे नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवादाराची सेवा अशाच रीतीने बंद पाडण्यात आली. हल्लेखोर खोट्या पत्त्यांवरून अर्धवट जोडण्या मागत आणि सोडून देत. प्रत्येक मागणीसाठी राखलेली जागा अडून राही. त्याच महिन्यात गणिती डॅनियल बर्नस्टाइन यांनी एक साधी, सुंदर युक्ती सुचवली: वहीत पानच उघडू नका. येणाऱ्याच्या पत्त्यावरून आणि आपल्या जवळच्या गुपितावरून एक संख्या काढा, ती त्याच पत्त्यावर पाठवा आणि विसरून जा. ती घेऊन जो परत येईल, त्याचेच पान उघडा. खोट्या पत्त्यावरच्याला ती चिठ्ठी पोचतच नाही.

व्हीपीएनच्या किल्ल्या ठरवण्याच्या आयकेई नावाच्या नियमावलीच्या दुसऱ्या आवृत्तीतही अशी परतीची चिठ्ठी आहे. अर्धवट जोडण्या फार झाल्या की कारकुनाने आधी चिठ्ठी मागावी, असे ती सांगते. पण हल्लेखोरांच्या हाती हजारो खरी यंत्रे आली तर पत्तेही खरेच असतात आणि चिठ्ठी निरुपयोगी ठरते. म्हणून २०१६ मध्ये या नियमावलीला जोड देण्यात आली: गर्दी वाढली तर येणाऱ्याला आधी एक कोडे सोडवायला लावायचे. कोडे एकदा सोडवणाऱ्या खऱ्या माणसाला फारसा त्रास होत नाही. लाख वेळा ठोठावणाऱ्याला मात्र लाख कोडी सोडवावी लागतात. खर्चाचे पारडे थोडे तरी त्याच्या बाजूला झुकते.

हा सगळा प्रकार वर्गात दहा मिनिटांत करून दाखवता येतो. फळ्यावर दहा चौकोन काढा. एका विद्यार्थ्याला कारकून करा. प्रत्येक हाकेला त्याने एका चौकोनात नाव लिहायचे आणि ओळखपत्र पाहिल्यावरच खोडायचे. पाच मुलांना नुसत्या हाका मारून पळून जायला सांगा. खऱ्या पाहुण्याची पाळी किती वेळाने येते ते मोजा. मग चिठ्ठीचा नियम लावा आणि पुन्हा मोजा.

सूचना काय सांगते

आता त्या सूचनेकडे वळू. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सिस्को कंपनीने आपल्या एएसए आणि एफटीडी या प्रणालींमधील एक दोष जाहीर केला. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२४-२०४८१. दूरस्थ व्हीपीएनकडे प्रवेशाच्या मागण्यांचा भडिमार केला तर उपकरणाची साधनसामग्री संपते आणि ती सेवा बंद पडते. पूर्ववत करण्यासाठी कदाचित उपकरण बंद करून पुन्हा सुरू करावे लागते, असे त्यात सांगितले आहे. या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचेही कंपनीने मान्य केले आहे. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी शासनाच्या सिसा या संस्थेने तो प्रत्यक्ष वापरात असलेल्या दोषांच्या यादीत घातला.

दोष लपवला नाही, दुरुस्तीही दिली, याचे श्रेय कंपनीला द्यायलाच हवे. भाषाही नेमकी आहे. आमचा आक्षेप दोन ठिकाणी आहे.

पहिला आक्षेप एका दिलाशाविषयी. व्हीपीएनशी संबंध नसलेल्या सेवांवर परिणाम होत नाही, असे सूचना सांगते. मुख्य कार्यालयात बसलेल्या वाचकासाठी हे खरे आणि धीर देणारे आहे. त्याचा संगणक बोगद्याच्या आतल्या बाजूला आहे. किन्हवलीच्या पडवीतल्या माणसाजवळ मात्र व्हीपीएनवाचून दुसरी सेवाच नाही. उपकरण जिवंत आहे, दिवा लुकलुकतो आहे, काम ठप्प आहे: असून अडचण, नसून खोळंबा. सूचनेचा लेखक ज्या बाजूला बसला आहे, त्या बाजूने दिसते तेवढेच नुकसान तिच्यात मोजले गेले आहे.

दुसरा आक्षेप गुणांविषयी. सीव्हीएसएस या पद्धतीने दोषांना ० ते १० गुण दिले जातात: ४ पासून ६.९ पर्यंत मध्यम, ७ पासून ८.९ पर्यंत उच्च, ९ आणि त्यापुढे गंभीर. या दोषाला ५.८ मिळाले. हे गुण कसे आले ते शिक्षकांना साध्या गणकयंत्रावर पडताळता येईल. नुकसान तीन बाबींचे मोजतात: गुप्तता, अचूकता आणि उपलब्धता. प्रत्येकीला शून्य, अल्प (०.२२) किंवा पूर्ण (०.५६) असा भार असतो. इथे पहिल्या दोन शून्य आणि उपलब्धतेची हानी अल्प धरली, कारण सबंध उपकरण बंद पडत नाही. या प्रकारच्या दोषासाठीचे सूत्र असे: ०.२२ मधून ०.०२९ वजा करून ७.५२ ने गुणा, उत्तर १.४४. हल्ला करणे किती सोपे, याचे ३.८९ मिळवा, झाले ५.३३. त्याला १.०८ ने गुणा आणि दशांशाच्या एका स्थळापर्यंत वरच्या बाजूला पूर्णांकित करा: ५.८.

आता उपलब्धतेची हानी पूर्ण धरा. त्याच रीतीने ८.६ येतात. म्हणजे निव्वळ सेवाकोंडीचा दोष कितीही वाईट असला, तरी त्याच्या मूळ गुणांना ‘गंभीर’चा उंबरठा ओलांडता येत नाही. नुसत्या गुप्ततेच्या हानीलाही हीच मर्यादा आहे, तेव्हा पद्धतीने पक्षपात केला असे म्हणता येणार नाही.

पद्धतीच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूळ गुण हे मुद्दामच स्थळनिरपेक्ष ठेवलेले आहेत. वापरणाऱ्याने आपल्या परिस्थितीनुसार ‘परिसर-गुण’ काढावेत, अशी सोय तिच्यातच आहे. ज्याच्या कामात उपलब्धता अत्यंत महत्त्वाची आहे, त्याने तिचा भार दीडपट करायचा. आमच्यासाठी ते करून पाहू. हानी अल्पच धरली तर ०.२२ चे ०.३३ होतात आणि गुण ६.७ येतात. पण आमच्यापुरती ती सेवा पूर्णच बंद पडली होती. म्हणून ०.५६ ला दीडपट केले: ०.८४. सूत्रातील एक छोटी वजाबाकी धरूनही बेरीज १० च्या पलीकडे जाते, आणि मर्यादा १० चीच असल्याने गुण मिळतात १०. दोष तोच, उपकरण तेच. मुख्य कार्यालयात ५.८, किन्हवलीत १०.

तेव्हा चूक सूत्राची नाही. ती आहे मूळ गुणांवर थांबण्याची. गुण म्हणजे निकाल समजून याद्या केल्या जातात, ‘उच्च’च्या खाली रेघ मारली जाते आणि रेघेखालचे पुढच्या महिन्यावर ढकलले जाते. परिसर-गुण काढायला दहा मिनिटे लागतात, पण त्यासाठी आपल्या जाळ्याच्या दूरच्या टोकाला कोण बसले आहे हे माहीत असावे लागते. आमच्या संस्थेत ते कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही आपण होऊन कळवले नव्हते.

दूरच्या टोकाचे मोल

विहिरीच्या नोंदी पुढच्या पावसाळ्यावर गेल्या, एवढेच आमचे नुकसान. पण गावात याच प्रकारच्या दुव्यांवर इतर कामेही चालतात. ‘लिंक नाही’ हे दोन शब्द ऐकून बँकेतून परतलेला माणूस कोणत्या गावात भेटत नाही? ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या तंत्रसेवा कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाल्याने राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले, आणि सहकारी व ग्रामीण मिळून सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार थांबले. तो हल्ला सेवाकोंडीचा नव्हता आणि ती तोडणी खबरदारीची होती. तरी खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या अनुभवात काही फरक पडला नसेल. बंद दाराचा हा अनुभव गुणांच्या तक्त्यात फार कमी जागा व्यापतो.

कायद्याने मात्र त्याची दखल घेतली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मधील ‘फ’ खंडात अधिकृत माणसाला संगणकापर्यंत पोचू न देणे हे स्वतंत्र अपकृत्य मानले आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असे हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागतात.

शाळेत, पतपेढीत किंवा ग्रामपंचायतीत जाळे बसवून देणारा कंत्राटदार आला, तर शिक्षकांनी त्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत. या उपकरणाला दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत मिळणार आहेत? दार कोंडले गेले तर आत जायला दुसरी वाट कोणती? आणि सुट्टीच्या दिवशी उपकरण बंद करून पुन्हा सुरू करायला कोण येणार? पहिला प्रश्न वायफळ नाही. जानेवारी २०२३ मध्ये सिस्कोने लहान कार्यालयांसाठीच्या आरव्ही मालिकेतील काही जुन्या व्हीपीएन राउटरांमधील गंभीर दोष जाहीर केला आणि त्यांचे आयुष्य संपल्यामुळे दुरुस्ती मिळणार नाही असेही सांगितले. अशी जुनी उपकरणे लहान कार्यालयांतच अधिक काळ टिकून राहतात.

आमच्या संस्थेत आता प्रत्येक सूचनेपुढे दोन रकाने आहेत, एक मूळ गुणांचा आणि एक परिसर-गुणांचा. दुसऱ्या रकान्यात काय भरायचे हे ठरवण्यापूर्वी सहकारी फोन करून विचारतात, सध्या बाहेरगावी कोण आहे? किन्हवलीच्या शिक्षकमित्राचा क्रमांकही त्यांनी टिपून घेतला आहे. विहिरीतील यंत्राला पावसाची चाहूल लागताच स्वतःहून वेग बदलायला आम्ही शिकवले आहे. परवानगी मागायला दारापर्यंत जायची गरज त्याला उरलेली नाही.