एका घराची दोन पुस्तकं

1875 साली कोकणातल्या मुरूडचा एक मुलगा सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला चालत निघाला. सुमारे 110 मैलांची वाट आणि मध्ये सह्याद्रीचा घाट. चार दिवस पाय तुडवत तो पोचला, तेव्हा ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ असं सांगून त्याला परत पाठवण्यात आलं. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. त्यांचं ‘आत्मवृत्त’ 1915 साली प्रसिद्ध झालं. त्यात ते कष्टांचं भांडवल करत नाहीत की कुणाला दोष देत नाहीत. हिशेबाची वही लिहावी तसं आयुष्य मांडतात.

याच घरातलं दुसरं पुस्तक आहे ‘माझे पुराण’. आनंदीबाई उर्फ बाया कर्वे यांच्या या आठवणी 1944 साली कावेरी कर्वे यांच्या संपादनाखाली आल्या. बाया बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. 1893 मध्ये धोंडो केशवांशी, म्हणजे अण्णांशी, त्यांचा पुनर्विवाह झाला आणि मुरूडने दोघांना वाळीत टाकलं. अण्णांच्या लेखी विधवांसाठी काढलेला हिंगण्याचा आश्रम हे आयुष्याचं कार्य होतं. बायांच्या लेखी त्याच आश्रमाला देऊन उरलेल्या पैशांत चूल पेटवायची होती. दोघांचंही खरं आहे. पण एकच पुस्तक वाचणाऱ्याच्या हाती अर्धंच घर लागतं.

मराठीत थोरांच्या आयुष्याबद्दल लिहिलं गेलेलं सगळ्यात सच्चं लेखन अनेकदा असं स्वयंपाकघराच्या बाजूने आलेलं आहे. न्यायमूर्ती रानडे घरात कसे वागत, हे रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) वाचून कळतं. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो दिवस मागे राहिलेल्या बायकोच्या अंगावर कसा कोसळला, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तच सापडतं. 1990 मध्ये सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा मोठी खळबळ उडाली, कारण त्यांच्या नवऱ्याचा, अवघ्या महाराष्ट्राच्या लाडक्या लेखकाचा, संसार पहिल्यांदाच आतून दिसत होता.

त्याआधीच आणखी मोठा धक्का बसला होता. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ही पुस्तकं पुढच्या दहा वर्षांतली. ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ 2003 चं. आठवणी लिहायला आधी थोर व्हावं लागतं, हा समज दलित आणि भटक्या समाजांतल्या या लेखकांनी मोडून काढला. उपाशी पोट, गावकुसाबाहेरचं घर, बापाचं नाव विचारणारी शाळा हेच त्यांचं चरित्र होतं.

म्हणजे आत्मकथन धीट झालं. चरित्र मात्र अजून भिडस्तच आहे.

असं व्हायला नको होतं, कारण मराठी गद्याची सुरुवातच चरित्रापासून होते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या ‘लीळा’, म्हणजे आठवणी, जमवण्यासाठी गावोगाव पायपीट केली. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठलं, त्यांचं सांगणं ऐकलं, पडताळलं आणि उतरवून घेतलं. अलीकडच्या काळात चां. भ. खैरमोडे यांचं बाबासाहेबांचं बारा खंडांचं चरित्र किंवा य. दि. फडके यांचा लोकमान्य टिळक आणि आगरकरांवरचा ‘शोध बाळगोपाळांचा’ ही त्याच जातीची कामं. आज मात्र चरित्र म्हणून जे छापलं जातं त्यात अमृतमहोत्सवी गौरवग्रंथ आणि उद्योगपती-पुढाऱ्यांची ‘शब्दांकनं’ फार. त्यांत पत्रव्यवहार नसतो, विरोधकांचं म्हणणं नसतं, शेवटी साधी नामसूचीही नसते. ज्याच्यावर प्रेम आहे त्याची चूक सांगितली तर प्रेम कमी होईल, ही भीती ओळीओळीतून जाणवते.

दुसरी अडचण चरित्रात्मक कादंबरीची. अमेरिकेत शिकून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी 1887 मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. दोनच वर्षांत काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं. बाईने बाईचं चरित्र लिहिण्याचा मराठीतला तो पहिला मान. पण बहुतेक वाचकांच्या मनातली आनंदी आहे ती श्री. ज. जोशी यांच्या 1968 च्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीतली. कादंबरी सुंदरच आहे, पण त्यातले संवाद लेखकाचे आहेत, हे वाचक विसरतो. अंजली कीर्तने यांनी पुन्हा मूळ कागदांकडे जाऊन ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हा ग्रंथ 1997 मध्ये सिद्ध केला. आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेत पोकीप्सीला, त्यांना तिथे आधार देणाऱ्या कार्पेंटर मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. कीर्तने यांचा शोध अमेरिकेपर्यंत गेला. एका चरित्रासाठी इतकं हिंडावं लागतं. त्यासाठी पैसा आणि वर्षं दोन्ही लागतात, आणि लेखकाला ती देणाऱ्या संस्था मराठीत मोजक्याच आहेत.

आत्मकथन कितीही धीट असलं तरी चरित्रकाराचं काम त्याने संपत नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवत आणि तिथेच बसून, वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून लिहीत. ‘जिणं आमुचं’ 1986 मध्ये पुस्तकरूपात आलं. नावातच ‘आमुचं’. आपल्या महार समाजातल्या बायकांची भूक, मारझोड, अंधश्रद्धा सगळं त्यांनी निडरपणे मांडलं. स्वतःच्या नवऱ्याने केलेल्या मारहाणीबद्दल मात्र त्या बोलल्या ते पुढे, इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने दिलेल्या मुलाखतीत. पुस्तक समाजाचं होतं, म्हणून स्वतःचं दुःख त्यांनी बाजूला ठेवलं होतं. त्या गाळलेल्या पानांचा शोध घ्यायला कुणीतरी चरित्रकारच हवा.

बेबीताई 2012 मध्ये गेल्या. त्यांना दुकानात बसलेलं पाहिलेली माणसं फलटणमध्ये अजून भेटतील. म्हाइंभटांसारखं त्यांच्या दारात जाऊन बसायला हवं, वही उघडून, आणि फार उशीर व्हायच्या आत.