शेवटची ओळ नव्हे, पहिली चूक

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे दृक्‌श्राव्य पाठ महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांच्या परिचयाचे आहेत. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने हे काम उभे राहिले. प्रत्येक पाठ सुमारे दहा मिनिटांचा असतो. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीतच राहतो, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळते. पडद्याच्या एका अर्ध्या भागात पाठ आणि दुसऱ्या अर्ध्या भागात स्वतःचे काम, अशी शिकण्याची पद्धत आहे. या मालिकेतील ‘सी’ भाषेचे मराठी पाठ एक विशिष्ट प्रश्न मनात धरून आम्ही नुकतेच पुन्हा पाहिले. तो प्रश्न एका घरगुती प्रसंगातून सुचला, म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

वसईतील आमच्या घरी जुना संगणक पडून होता. त्यात दोन हार्ड डिस्क बसवून घरातील छायाचित्रे, कागदपत्रे आणि आमच्या संशोधनाच्या नोंदी एकाच जागी ठेवाव्यात आणि घरातल्या कोणत्याही संगणकावरून त्या पाहता याव्यात, असा बेत होता. अशा यंत्राला साठवण-सर्व्हर म्हणतात. लिनक्स बसवून झाले, पण नेटवर्क कार्ड चालेना. ते चालवणारा ड्रायव्हर मूळ संहितेवरून घरीच बांधून घ्यावा लागणार होता. ‘मेक’ ही आज्ञा दिली. पडद्यावरून ओळींमागून ओळी गेल्या आणि शेवटी ‘एरर २’ एवढेच उरले.

शेजारची बारावीत शिकणारी मुलगी मदतीला आली. वर्गात तिने सी++ चांगले केले होते. तिने संहितेची फाइल उघडली आणि ओळीगणिक अर्धविराम तपासू लागली. अर्ध्या तासाने म्हणाली, “काका, कंस सगळे बरोबर आहेत. अर्धविरामही आहेत. मग चूक कुठे?”

ती चुकीच्या जागी शोधत होती, पण तो तिचा दोष नव्हे. तिला आजवर ज्या चुका दाखवल्या गेल्या त्या सगळ्या अर्धविरामाच्या आणि कंसाच्याच होत्या. दिव्याखाली उजेड असतो म्हणून हरवलेली किल्ली तिथेच शोधावी, तसा हा प्रकार.

‘एरर २’चा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत लिहिले. कोणता भाग कशावर अवलंबून आहे हे पाहून लागेल तेवढेच काम करवून घेणारा तो मुकादम आहे. एक मुकादम दुसऱ्याला कामाला लावतो, दुसरा कंपायलरला. कंपायलर अडला की तो आकडा १ परत देतो. खालचा मुकादम ‘एरर १’ नोंदवून स्वतः आकडा २ परत देतो, आणि वरचा मुकादम ‘एरर २’ लिहून हात झटकतो. म्हणजे शेवटची ओळ एवढेच सांगते की खालून काम आले नाही. का आले नाही, हे बरेच वर, पहिल्या चुकीच्या ओळीत लिहिलेले असते.

आम्ही दोघांनी वर सरकत जाऊन ती ओळ गाठली. एका फंक्शनला जास्त माहिती दिली गेली आहे, असे ती सांगत होती. मग प्रश्न बदलला. हीच संहिता दुसरीकडे बांधली जाते का? आमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्सच्या गाभ्याची ५.१० ही आवृत्ती होती, नव्या यंत्रावर ६.१. जुन्यावर ड्रायव्हर विनातक्रार बांधला गेला. संहिता तीच, फरक गाभ्याचा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीत नेटवर्क ड्रायव्हर वापरतात त्या फंक्शनला चार गोष्टींऐवजी तीनच सांगायच्या, असा बदल झाला होता. आमचा ड्रायव्हर त्याआधीचा होता. नवी आवृत्ती आणली आणि दहा मिनिटांत काम झाले. संहितेत कुठेही अक्षराची चूक नव्हती. एक घटक बदलायचा, बाकीचे तसेच ठेवायचे, ही प्रयोगाची रीत आपण आठवीपासून शिकवतो. तीच येथे उपयोगी पडली.

आता पाठांकडे वळू. चुका लपवायच्या नाहीत, हे या मालिकेचे धोरण आहे आणि त्याबद्दल तिचे मनापासून कौतुक केले पाहिजे. पहिल्याच पाठात छोटा प्रोग्राम लिहून, चालवून झाला की निवेदक मुद्दाम शेवटचा महिरपी कंस काढून टाकतो आणि काय होते ते दाखवतो. छापील पुस्तकांत हे सहसा आढळत नाही. तेथे प्रत्येक प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालतो. शिवाय संहितालेखन झाल्यावर ते नवशिक्याकडून तपासून घेण्याची शिस्तही प्रकल्पाने पाळली आहे. मराठीतून, विनामूल्य, खेड्यातल्या शाळेतही चालेल असे हे साहित्य आहे. त्याची टीका करताना याचा विसर पडू नये.

पण कंस काढल्यावर काय होते पाहा. कंपायलर सांगतो की मजकूर संपला, तरी मला अजून काही अपेक्षित होते. निवेदक कंस पुन्हा लिहितो, प्रोग्राम चालतो, पाठ पुढे जातो. या संदेशात शिकवण्याजोगी मोठी गोष्ट होती: कंपायलर जिथे अडतो ती जागा आणि जिथे चूक झाली ती जागा एक असेलच असे नाही. कंस मध्येच कुठे राहिला असता तरी तक्रार फाइलच्या शेवटीच येऊ शकते. ताप अंगभर असतो, जंतू भलतीकडे. हा मुद्दा पाठात निसटला आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. येथे चूक आधी ठाऊक असते आणि तिचे लक्षण नंतर दिसते. खऱ्या कामात क्रम उलटा असतो. लक्षण समोर असते आणि कारण अज्ञात. पहिल्या क्रमाने कितीही चुका पाहिल्या तरी दुसरा क्रम आपोआप येत नाही. शल्यचिकित्सेचे चित्रपट पाहून रोगनिदान येत नाही, तसेच हे.

तिसरा आक्षेप काळाचा. या मालिकेतील सुरुवातीचे पाठ उबुंटू ११.१० आणि जीसीसी ४.६.१ वर ध्वनिमुद्रित केलेले आहेत. चुकलेल्या जागेखाली बाणासारखी खूण करण्याची सोय जीसीसीत २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून आली. घोषित न केलेले फंक्शन वापरल्यास जुना जीसीसी सी भाषेत नुसता इशारा देई. २०२४ च्या १४ व्या आवृत्तीपासून त्याला चूक मानून बांधणीच थांबवली जाते. म्हणजे पडद्यावर एक दिसते आणि मुलाच्या यंत्रावर दुसरेच. अनेक वर्गांतून टर्बो सी++ वर शिकवले गेले, तिथे तर ही दरी फार रुंद. ‘आयओस्ट्रीम.एच’ हे जुने शीर्षक जीसीसीने २००८ च्या ४.३ आवृत्तीत काढून टाकले. वहीतला प्रोग्राम घरच्या लिनक्सवर पहिल्याच ओळीला अडतो. साधने बदलणारच. पाठ दर वर्षी नव्याने करा, असे आमचे म्हणणे नाही. पडद्यावरचे आणि आपले जुळत नसेल तर काय करायचे, एवढे मात्र एका पाठात सांगता आले असते. तो पाठ कधीच जुना झाला नसता.

बांधणी बिघडल्यावर कारण शोधणे आणि बिघडण्याआधी त्याची कल्पना करणे, ही एकाच विचाराची दोन टोके आहेत. आमच्या साठवण-सर्व्हरचे उदाहरण पुढे नेले की हे ध्यानात येईल. ड्रायव्हर चालू झाल्यावर त्या मुलीने विचारले, “दोन डिस्क आहेत, म्हणजे आता काही हरवणार नाही ना?” दोन डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिण्याला प्रतिबिंब पद्धत म्हणतात. अशा पद्धतींना ‘रेड’ हे नाव पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी बर्कले येथे १९८८ साली लिहिलेल्या निबंधातून मिळाले. एक डिस्क मोडली तर दुसरी काम चालू ठेवते, ही तिची हमी. त्यापलीकडे ती काहीच देत नाही. चुकून फोल्डर पुसले तर दोन्हीकडून त्याच क्षणी पुसले जाते.

आणि पाण्याचे काय? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकलगाड्या बंद पडल्या. तळमजल्यावरच्या एका पेटीतल्या दोन डिस्क एकाच पाण्यात भिजतात. म्हणून किती टेराबाइट घ्यायचे, हा दुसरा प्रश्न. आपल्याला कोणत्या हानीची भीती आहे, हा पहिला. डिस्क मोडणे, हात चुकणे, पाणी, वीज, चोरी, असा तक्ता आम्ही मुलीकडून करून घेतला आणि प्रत्येकापुढे ‘कोणती प्रत वाचेल?’ हा रकाना ठेवला. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा छायाचित्रकारांत रूढ झालेला नियम तिला पाठ करावा लागला नाही. तक्ता भरता भरता तो तिचा तिलाच सापडला. तिसरी प्रत आम्ही नाशिकला नातलगांकडे ठेवली.

हिशेबही तिनेच केला. सरासरी ४ मेगाबाइटची २०,००० छायाचित्रे म्हणजे ८० गिगाबाइट. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने, म्हणजे फार तर १२.५ मेगाबाइटने, ती पाठवायला ६,४०० सेकंद, सुमारे पावणेदोन तास. ३० वॅटचे यंत्र रात्रंदिवस चालले तर महिन्याला साधारण २२ युनिट. हे गणित नववीच्या वर्गातही करता येईल.

शेवटी तिच्याकडून एक छायाचित्र मुद्दाम पुसून घेतले आणि प्रतीवरून परत आणवले. प्रत घेतली, हे केवळ गृहीतक आहे. परत मिळाली, हा पुरावा. हा प्रयोग न करता समाधान मानणारी मंडळी आम्ही आमच्या क्षेत्रातही पाहिली आहेत.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. हे पाठ अवश्य वापरावेत. मराठीतून एवढ्या काळजीने केलेले साहित्य टाकून देण्यासारखे नाही. मात्र पाठ संपल्यावर वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने चालता प्रोग्राम गुपचूप एका ठिकाणी बिघडवावा, दुसऱ्याने तो शोधावा. वहीत चार रकाने असावेत: लक्षण, तर्क, चाचणी, निष्कर्ष. अर्धविराम काढायला मनाई करावी. प्रोग्राम मोठा असेल तर निम्मा भाग बाजूला काढून दोष कोणत्या निम्म्यात आहे ते पाहावे. एकामागून एक केलेल्या १,०२४ बदलांतला बिघडवणारा एक बदल अशा रीतीने १० चाचण्यांत सापडतो. उत्तर सापडले नाही तरी वही तपासावी आणि गुण तर्काला द्यावेत.

ती मुलगी आता घरी आली की शेवटची ओळ वाचत नाही. वर सरकते आणि पहिली चूक शोधते.