गरिबाचा तळतळाट आणि देवाचा क्रोध

देवाच्या क्रोधाबद्दल बोलायचं म्हटलं की मराठीत आधी शब्दच आडवे येतात. 'कोप' म्हटलं की देवीचा कोप आठवतो. गावात साथ आली, पाऊस हुकला, म्हणजे कुणाचा तरी नवस फेडायचा राहिला. आता काहीतरी देऊन तिला शांत करायला हवं. 'क्रोध' म्हटलं की षड्रिपू आठवतात. माणसानेसुद्धा जो विकार जिंकायचा, तो देवाला कसा चिकटवायचा? पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरांत हे दोन्ही शब्द भेटतात. त्यामुळे मराठी वाचकाला वाटतं, देव एकतर लहरी असावा, नाहीतर त्याचाही आपल्यासारखाच तोल जात असावा. मग बहुतेक जण विषयच टाळतात. देव प्रीती आहे, बास.

पीएचडी करताना परदेशातल्या सेमिनारांतही हा विषय निघाला की सगळे जरा अवघडून बसायचे. म्हणजे अडचण फक्त मराठीची नाही. पण माझं म्हणणं असं आहे: देवाचा क्रोध वगळला, तर ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला देवाच्या प्रेमाचा काही आधार उरत नाही.

आधी विरुद्ध बाजू ऐकू. ती फार भक्कमपणे मांडणारा माणूस आपल्यातलाच होता. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. जॉन म्यूर यांनी संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून हिंदू धर्मावर टीका केली, तेव्हा गोऱ्यांनी १८४४-४५ मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिलं. त्यांचा एक आक्षेप साधा आहे: पाप मर्यादित आणि नरक मात्र अनंत, हा कुठला न्याय? कर्मसिद्धान्तात निदान प्रमाण तरी आहे. जेवढं केलं तेवढं भोगा. पुढे १८४८ मध्ये जौनपूरला याच गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पण म्हणून त्यांचा आक्षेप खोडला गेला असं होत नाही. नरकाची भीती घालून माणसं जमवणाऱ्या प्रत्येक प्रवचनाला तो आजही लागू पडतो.

मात्र गोऱ्यांच्या पर्यायातही एक जागा रिकामी आहे. कर्माच्या हिशेबात फळ मिळतं, पण कुणी रागावत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासाठी कुणाच्या पोटात तुटत नाही. उलट त्यालाच सांगितलं जाऊ शकतं की बाबा, तुझंच पूर्वसंचित.

मराठी ख्रिस्ती भक्तीने दुसरी वाट घेतली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली केलं, गुरू केलं, अभंगात आणलं. हे काम फार मोठं आहे. मिशनच्या पुस्तिकांतला न्यायाधीश त्यांच्यामुळे घरचा झाला. तरी मला वाटतं, यात काहीतरी मागे राहिलं. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आले. पण दांभिकांवर तुटून पडणारा तुकोबांचा संताप आपल्या चर्चमधल्या भजनांत तेवढा उतरला नाही. आपली माउली नुसती कुरवाळते. आता खऱ्या आईचा विचार करा. लेकराला कुणी मारलं आणि ती शांतच राहिली, तर आपण तिला संत म्हणणार नाही. तिचं लेकरावर प्रेम आहे ना, असंच विचारू.

मी हे दुबईतल्या मुहैस्नाहमधून लिहिते आहे. इथल्या मुहैस्नाह दोनला कामगार 'सोनापूर' म्हणतात. मुंबईकर हे नाव ऐकून दचकतो, कारण त्याच्या लेखी सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सजवळचं स्मशान. इथलं सोनापूर म्हणजे मजुरांच्या वसाहती: एकावर एक पलंग, दोऱ्यांवर वाळणारे कामाचे कपडे, पहाटे माणसं भरून निघणाऱ्या बस. अनेकांच्या डोक्यावर गावाकडच्या एजंटाला पैसे देण्यासाठी काढलेलं कर्ज असतं. पगार थकला तर व्याज थांबत नाही. २००९ पासून इथे पगार बँकेसारख्या अधिकृत मार्गाने देण्याची व्यवस्था लागू झाली, म्हणजे तो वेळेवर पोचला की नाही हे सरकारला दिसावं. अशी व्यवस्था करावी लागते, यातच प्रश्न खरा असल्याची कबुली आहे.

नव्या करारातलं याकोबाचं पत्र सोनापुरात वाचून पाहा. पाचव्या अध्यायात तो श्रीमंतांना बजावतो की कापणी करणाऱ्यांची तुम्ही अडकवलेली मजुरीच ओरडते आहे, आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. याला मराठीत अगदी जवळचा शब्द आहे: तळतळाट. गरिबाचा तळतळाट घेऊ नये, हे आजीने सांगितलेलं असतं. फरक एवढाच, की तळतळाट आपोआप 'लागतो'. याकोबाच्या पत्रात तो कुणीतरी ऐकतो. माझ्या मते देवाचा क्रोध म्हणजे हे ऐकणं.

आता 'कोपा'कडे परत येऊ. कोप शमवायला माणूस देवाला बकरा देतो. पौल रोमकरांच्या पत्रात याच्या उलट सांगतो: देणारा देव आहे. क्रूस म्हणजे चिडलेल्या बापापुढे टाकलेला बळी, असं शिकवलं जातं तेव्हा आपण ख्रिस्ती शब्दांत जुना कोपच सांगत असतो. त्यापेक्षा मार्कच्या तिसऱ्या अध्यायातला येशू पाहा. हात वाळलेल्या माणसाला शब्बाथ दिवशी बरं करावं का, यावर सभास्थानातले लोक गप्प बसतात. येशूला राग येतो आणि त्याच क्षणी दुःखही होतं. मग तो हात बरा करतो. इथे रागाचा शेवट कुणाचा तरी हात बरा होण्यात आहे, हे महत्त्वाचं.

क्रोएशियात जन्मलेले मिरोस्लाव्ह वोल्फ यांनी १९९६ च्या 'एक्स्क्लूजन अँड एम्ब्रेस' या पुस्तकात आणखी एक मुद्दा मांडला. देव न्याय करणार असेल तरच पीडिताला हातातली तलवार खाली ठेवता येते. कधीच न रागावणारा देव ही सुरक्षित वस्तीतल्या निवांत घरात सुचलेली कल्पना आहे. युगोस्लाव्हियातली युद्धं पाहून आलेला माणूस हे म्हणतो, म्हणून ते हलक्यात घेता येत नाही.

याने अनंत शिक्षेचा प्रश्न सुटत नाही. गोऱ्यांचा आक्षेप मी खुलाच ठेवते. पण एक कसोटी हाती येते. पुढच्या वेळी कुणी देवाच्या क्रोधावर बोललं, की विचारा: हा देव कुणाच्या बाजूने रागावलाय? राग फक्त तरुणांच्या कपड्यांवर आणि शेजाऱ्यांच्या मूर्तींवर निघत असेल आणि बुडवलेल्या पगाराबद्दल अवाक्षर नसेल, तर तो राग बोलणाऱ्याचा आहे, देवाचा नाही. आणि हीच कसोटी आपल्यालाही लावून पाहू. घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पगार या महिन्यात आपण कोणत्या तारखेला दिला?