पॉविस कासल: किल्ल्याचं घर होतं तेव्हा

वेल्समधल्या पॉविस कासलला जाणारे बरेच लोक बाग बघायला जातात. लाल दगडाच्या उंच भिंती, खाली उतारावर एकाखाली एक गच्च्या आणि कातरलेले प्रचंड यू वृक्ष. तेराव्या शतकातला हा वेल्श राजांचा किल्ला १५८७ मध्ये हर्बर्ट घराण्याने विकत घेतला आणि हळूहळू त्याचं राहतं घर केलं. १९५२ पासून तो नॅशनल ट्रस्टकडे आहे.

माझ्या संशोधनातला प्रश्न साधा आहे: किल्ल्याचं घर होतं म्हणजे नेमकं काय होतं? पॉविसची मांडणी जे उत्तर देते ते असं: लढाया संपल्या, मग लाँग गॅलरी आली, सजवलेलं शयनगृह आलं, तटाखाली फुलं आली. बघायला सुंदर आहे, पण हे उत्तर अर्धंच आहे.

१७८४ मध्ये या घराण्यातल्या हेन्रिएटाचं लग्न एडवर्डशी झालं. एडवर्ड म्हणजे प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. या नात्यातून क्लाइव्हांची संपत्ती पॉविसला आली आणि खंगलेल्या वास्तूची दुरुस्ती झाली. एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर असतानाच, ४ मे १७९९ ला, श्रीरंगपट्टणचा किल्ला पडला आणि टिपू मारला गेला. त्याचं सिंहासन फोडलं गेलं. त्यावरचं रत्नजडित वाघाचं एक मुंडकं आज पॉविसमध्ये आहे आणि टिपूचा छापील चिटाचा तंबूही. हा तंबू पुढे इथल्या हिरवळीवर गार्डन पार्टीसाठी उभारला जायचा! सुलतानाच्या तंबूचा मेजवानीचा मांडव झाला. किल्ल्याचंही तेच झालं होतं. फरक इतकाच, की युद्ध संपलं नव्हतं, ते फक्त इथून लांब कावेरीकाठी गेलं होतं.

आता माझा आक्षेप. या वस्तू १९८७ पासून ‘क्लाइव्ह म्युझियम’ नावाच्या वेगळ्या दालनात आहेत. २०२० च्या अहवालात ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध मांडले, त्यात पॉविसही आहे. हे काम महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी ट्रस्टवर टीकाही झाली. पण वेगळ्या दालनाचा एक परिणाम होतोच: तिथून बाहेर पडलं की भारत संपतो आणि पुन्हा नुसतं ‘घर’ सुरू होतं. खरं तर काचेतल्या वस्तूंइतकीच ती दुरुस्त भिंतही या इतिहासाचा पुरावा आहे.

‘लोक फुलं बघायला येतात, त्यांना व्याख्यान कशाला?’ असं कुणी म्हणेल. व्याख्यान नकोच. दुरुस्तीचा पैसा कुठून आला, एवढं एक वाक्य त्या भिंतीपाशी असावं, बस्स.

तुम्ही गेलात तर क्रम उलटा करून बघा. आधी ते दालन, मग बाकीचं घर, आणि बाग शेवटी.