पाप, दास्य आणि इच्छा : मराठी ख्रिस्ती परिभाषेची एक चिकित्सा

मनुष्य स्वतंत्र नसेल तर त्याला पापाबद्दल दोषी धरता येत नाही; तो सर्वस्वी स्वतंत्र असेल तर त्याला तारणाऱ्याची आवश्यकता उरत नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील इच्छास्वातंत्र्याचा सारा ऊहापोह या पेचाभोवती फिरतो. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन आणि पेलाजियस यांचा विरोध यातूनच उद्भवला. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छेच्या स्वातंत्र्याचा पक्ष मांडला आणि १५२५ मध्ये ल्यूथरने तिच्या दास्याचा.

मराठी भाषेत हा वाद दोन वाटांनी उतरला, आणि दोन्ही वाटा कोकण किनाऱ्याच्याच आहेत. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्स जेझुइट होता; पतनामुळे मानवी इच्छा दुर्बल झाली, पण नष्ट झाली नाही, हा ट्रेंटच्या धर्मसभेचा १५४७ मधील निर्णय त्याच्या परंपरेला प्रमाण होता. उलटपक्षी, १८२३ मध्ये बाणकोटला आलेले स्कॉटिश मिशनरी ज्या परंपरेचे होते, तीत पतित मनुष्याला आध्यात्मिक हिताची इच्छा करण्याचेही सामर्थ्य उरत नाही असे मानले जाई. बाणकोट, हर्णै, दापोली, खेड या मुलुखातील बोलीशी त्यांचा संबंध आला. मते भिन्न, परंतु शब्द मात्र दोघांनाही मराठीचेच वापरावे लागले.

पहिली अडचण ‘पाप’ या नामाचीच आहे. मराठीत पाप ही मोजता येणारी कृती आहे. ती घडते, साचते, फेडली जाते, आणि तिच्या समोर पुण्य उभे असते. पौलाच्या पत्रांत पाप पुष्कळदा एकवचनी येते आणि राज्य करणाऱ्या सत्तेसारखे वागते. त्याच्या जोडीला कोणतेही पुण्य नाही. कर्मसिद्धान्तातही बंधन आहे, हे खरे. बुद्धीसुद्धा कर्मानुसारी असते ही समजूत तर या विचाराच्या अगदी जवळ येते. तथापि तेथे बंधनाचे मूळ ज्याच्या त्याच्या पूर्वकृत्यांत शोधले जाते. ऑगस्टीनच्या मते ते अखिल मानवजातीच्या एकाच पतनात आहे. हा भेद ‘पाप’ हा शब्द दाखवीत नाही, उलट झाकतो.

दुसरी अडचण ‘दास’ या शब्दाची. रामदास हे नाव ज्या भाषेत गौरवाचे आहे, तीत ‘पापाचा दास’ हा प्रयोग कानाला विसंगत वाटतो. दास्य हा नवविधा भक्तीतील एक प्रकार, आणि तो स्वेच्छेने पत्करलेला. म्हणून ‘गुलाम’ हा शब्द अधिक नेमका, असे म्हणता येईल. परंतु पौल जो ग्रीक शब्द पापाच्या बंदिवानासाठी योजतो, तोच स्वतःला ख्रिस्ताचा सेवक म्हणवताना योजतो. त्याच्या प्रतिपादनाचे मर्म या पुनरुक्तीत आहे : मनुष्य धन्यावाचून कधीच नसतो, मुक्ती म्हणजे धनी बदलणे. एका ठिकाणी ‘गुलाम’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘दास’ लिहिल्यास अर्थ सुबोध होतो, पण युक्तिवाद मोडतो. या दृष्टीने मराठी बायबलात रूढ झालेला ‘दास’ विसंगत वाटला तरी टिकविण्याजोगा आहे.

मात्र नामांच्या या चर्चेत मराठीचे खरे सामर्थ्य दुर्लक्षित राहते. ते क्रियापदांत आहे. खेडच्या बाजारपेठेतले साधे बोलणे घेतले तरी ‘मला राहवले नाही’ आणि ‘माझ्याकडून करवून घेतले’ यांतील अंतर कोणालाही समजते. दुसऱ्या वाक्यात बाहेरची बळजबरी आहे आणि बोलणारा दोषमुक्त होऊ पाहतो. पहिल्यात बळजबरी करणारा कोणीच नाही. संयम हवा होता, तो साधला नाही. आणि तरीही वाक्यातून ‘मला’ हा शब्द काढता येत नाही. ल्यूथरने अपरिहार्यता आणि बळजबरी यांत केलेला भेद नेमका हाच होय. मनुष्य पाप अपरिहार्यपणे करतो, परंतु कोणी मानगूट धरली म्हणून नव्हे, तर आपखुशीने. दोष आणि दास्य एकत्र नांदू शकतात ते या अर्थाने.

‘कळते पण वळत नाही’ ही म्हणही येथे विचारात घेतली पाहिजे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायातील अंतर्द्वंद्वाशी तिचे साम्य उघड आहे. ज्ञान पुरेसे नाही, कारण वळावयाचे ते स्वतः वळत नाही. ‘वळणे’ हे अकर्मक क्रियापद येथे इच्छेची पंगुता अचूक पकडते.

तरीसुद्धा या साम्यावरून सिद्धान्त सिद्ध होतो असे मानणे चुकीचे ठरेल. ‘राहवले नाही’ हे एका प्रसंगाविषयीचे विधान आहे. ऑगस्टीन मनुष्याच्या अवस्थेविषयी बोलतो. पतनापूर्वी पाप न करणे शक्य होते, पतनानंतर पाप न करणे अशक्य झाले, आणि अंतिम मुक्तीत पाप करणेच अशक्य होईल, हा त्याचा क्रम कोणत्याही बोलीच्या व्याकरणातून निघत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे सांगितले. त्या वाटेवर ‘मी पतित’ ही कबुली सहज भेटते. मात्र ती कबुली एका भक्ताची असते; सिद्धान्ताचे विधान सर्व मनुष्यांविषयीचे असते. पहिल्यावरून दुसऱ्याकडे जाण्यास व्याकरण पुरत नाही, श्रद्धा लागते.

म्हणून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकाने पारिभाषिक नामांची यादी करून थांबू नये. ग्रंथकाराने कर्ता कोठे ठेवला, कोणत्या वाक्यात तो ‘मी’ आहे, कोणत्या वाक्यात ‘मला’ आणि कोणत्या वाक्यात ‘माझ्या हातून’, हे तपासावे. इच्छास्वातंत्र्याविषयीचे त्या ग्रंथकाराचे खरे मत पुष्कळदा त्याने दिलेल्या व्याख्येपेक्षा या विभक्तींतच अधिक स्पष्टपणे सापडेल.