आशयसूत्राचे साम्य आणि दृष्टीचा भेद
समान आशयसूत्रावरून पुढील कलाकृती सुचविण्याची प्रथा जपानी मांगा व ॲनिमे यांच्या रसिकांत रूढ आहे. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेले सामान्यजन या सूत्राखाली तीन कृती हटकून एकत्र येतात. परंतु सूत्र म्हणजे आशय नव्हे. केइजी नाकाझावा हे स्वतः हिरोशिमाच्या अणुस्फोटातून वाचलेले. १९७३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘बेअरफूट गेन’ या मांगातील मुलगा जगण्याचा हट्ट धरतो आणि युद्धखोर सत्तेला जाब विचारतो. इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) या ॲनिमेचा निवेदक सेइता आरंभीच मृत आहे. प्रेक्षकाला आशेची मुभाच राहत नाही. फुमियो कोउनो यांच्या ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ (२००७–०९) या मांगात चित्रे काढणाऱ्या सुझूचा उजवा हात तुटतो आणि त्यानंतरची पार्श्वभूमी लेखिकेने डाव्या हाताने रेखाटली आहे. येथे हानी रेषेतच उतरते. जाब, शोक आणि रेषेतील क्षती या तीन भिन्न भूमिका आहेत. शिफारशीला समीक्षेचे मूल्य यावयाचे, तर तिने कृती कशाविषयी आहे एवढ्यावर न थांबता ती कोठून पाहते हेही सांगितले पाहिजे. अन्यथा तिन्ही कृती एकाच दुःखाच्या आवृत्त्या ठरतात.