‘कन्यादान’मधील ज्योती : एका सामाजिक जाणिवेचा प्रवास

विजय तेंडुलकर यांच्या ‘कन्यादान’ (१९८३) या नाटकाची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली : नाथ देवळालीकर यांच्या समाजवादी ध्येयवादाचा पराभव आणि अरुण आठवले या दलित कवीचे वादग्रस्त चित्रण. या वादात ज्योती ही बहुधा दोघांमधील साधन म्हणूनच वाचली गेली. वस्तुतः नाटकात सर्वाधिक अंतर चालून जाते ती तीच.

आरंभी तिची सामाजिक जाणीव उसनी आहे. आमदार वडील, समाजकार्यात वावरणारी आई सेवा, घरातील लोकशाहीचा अभिमान. अशा सुरक्षित वातावरणात जातिअंताचा विचार तिला संस्कार म्हणून लाभला आहे. अरुणवर आपले प्रेम आहे, असे ती ठामपणे म्हणत नाही. त्याच्या लेखनाने ती हेलावली आहे. दलित जीवन तिला प्रथम भेटते ते साहित्यातून (आणि नाटकाच्या मध्यमवर्गीय प्रेक्षकालाही बहुधा तसेच). पुढे बोलता बोलता अरुण तिचा हात पिरगाळतो, तेव्हा वाचलेली वेदना पहिल्यांदा तिच्या शरीरापर्यंत पोहोचते.

अखेरच्या प्रवेशाचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. मारहाण सोसलेली, गरोदर ज्योती माहेरी येते ती जाब विचारायला. अरुणच्या आत्मचरित्रावरील सभेत नाथांनी केलेली स्तुती मनापासूनची नव्हती, हे तिने ओळखले आहे. माणसातला पशू वेगळा काढता येतो, या शिकवणीवर ती वाढली. ती शिकवण वडिलांनी स्वतः कधी पारखली नाही, हा तिचा आरोप आहे. त्यांचा आधार नाकारताना तिची जाणीव प्रथमच स्वतःची होते.

तरीही हा प्रवास निखळ मुक्तीचा मानता येत नाही. इब्सेनची नोरा (१८७९) नवऱ्याचे घर सोडते. ज्योती मारणाऱ्या नवऱ्याकडे परतते. देवळालीकर हे नाव टाकून ती आठवले होते, स्वतःला महारीण म्हणवते. जात ओलांडण्याचा तिला सापडलेला मार्ग नवऱ्याची जात स्वीकारण्याचा आहे, म्हणजे पितृसत्तेच्याच जुन्या नियमाचा. शीर्षकातील उपरोध येथे नाटककाराच्या अपेक्षेपेक्षाही खोल जातो. ज्या स्त्रियांमध्ये ती स्वतःची गणना करते, त्यांपैकी एकही रंगमंचावर येत नाही. अरुणची मार खाणारी आई केवळ त्याच्या बोलण्यातून कळते.